रील आपोआप येते, कामाचं शोधावं लागतं : नांदेड-लातूरच्या मोबाईलसाठी काही सिनेमे, ॲप अन् पुस्तकं

नांदेड/लातूर : लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीवर एक अख्खा मराठी सिनेमा निघाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी शेजारच्या कंधार, मुखेड, अहमदपूर तालुक्यांत विचारलं तर ‘असा सिनेमा आहे व्हय?’ असं म्हणणारी माणसं भेटतात. त्याच माणसांच्या मोबाईलचा दीड-दोन जीबी डेटा रोज रात्री झोपायच्या आत संपलेला असतो.

यात माणसाचा दोष कमी आहे. मोबाईलवर जे आपोआप समोर येतं ते आधी काय पाहिलं त्यावर ठरतं. भांडणाच्या रीलवर बोट जरा थांबलं की तसल्याच दहा रील रांगेत उभ्या राहतात. माणूस जितका वेळ बघतो तितक्या जाहिराती दिसतात, अन् कंपनीची कमाई त्यावर असते. लोह्यातल्या गावाचा सिनेमा किंवा तुळजापूरच्या शिंप्यानं लिहिलेली कादंबरी या हिशेबात मागं पडते. तिचं नाव माहीत असेल अन् ते मराठीत टाकून शोधलं, तरच ती सापडते. खाली दिली आहेत ती अशीच नावं. प्रत्येकाचं चांगलं काय अन् कुठं ते कमी पडतं, दोन्ही दिलं आहे.

‘पाणी’ : लोह्याची गोष्ट

हा सिनेमा १८ ऑक्टोबर २०२४ रोजी थेटरात आला. राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्याला २०१९ मध्येच जाहीर झाला होता, पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट सिनेमा म्हणून. पुरस्कार आधी आणि प्रेक्षक पाच वर्षांनी, असा उलटा प्रवास. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शन केलं आणि हनुमंत केंद्रे ही मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. गावात पाणी नाही म्हणून गावातल्या पोरांना कुणी पोरगी देत नाही, तिथून गोष्ट सुरू होते. मग एक तरुण गावाला पाणी आणायचं मनावर घेतो. सोयरीक मोडते कशी, लोक टोमणे मारतात कसे, पहिल्या दिवशी श्रमदानाला किती जण येतात, हे ज्या गावांनी टँकर पाहिला त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

सिनेमा बघावा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. सिनेमाला नायक लागतो, म्हणून त्यात एक माणूस पुढं दिसतो. खरं पाणलोटाचं काम एकट्याच्या जिद्दीवर होत नाही, अन् त्याला क्रम असतो. तो क्रम म्हणजे माथा ते पायथा. आधी डोंगराच्या माथ्यावर सलग समतल चर खोदायचे, म्हणजे पळणारं पाणी तिथंच थांबून मुरतं. मग उतारावरच्या घळीत अनघड दगडांचे बांध, त्याखाली शेताची बांधबंदिस्ती, अन् सगळ्यात शेवटी नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. बऱ्याच गावांत हे उलटं झालं. बंधारा आधी बांधला, कारण तो दिसतो अन् त्याचं उद्घाटन करता येतं. वरच्या चरांकडं कुणी पाहिलं नाही. दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरला. सिनेमा पाहून पोरं पेटून उठली तर त्यांना हा क्रम सांगणारं कुणीतरी गावात असलं पाहिजे.

दुसरी बाजू पाणी आल्यानंतरची. विहिरीला पाणी दिसलं की बोअर पडतात अन् ऊस लागतो. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात खोल बोअरचं पाणी पुन्हा भरायला फार वेळ लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या वेळी जी लेकरं शाळेत होती ती आता शेती करतात. त्यांनी हा सिनेमा अन् ती रेल्वे एकत्र आठवावी.

शेतीवरचे आणखी दोन सिनेमे आहेत. ‘टिंग्या’ (२००८) हा मंगेश हाडवळे यांचा. कामातून गेलेला बैल विकायचा का, हा घरचा प्रश्न लहान पोराच्या डोळ्यांनी दाखवलाय. लेकरांना दाखवायला याच्यासारखा दुसरा नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा सतीश मनवर यांचा, विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला, म्हणून बायको नवऱ्यावर पाळत ठेवते, पोरालाही त्याच्या मागं लावते. विषय जड आहे तरी मधूनमधून हसू येतं, कारण घरातली माणसं खरी वाटतात. कर्जाच्या काळजीनं घरात कुणी गप्प गप्प राहत असेल तर हा सिनेमा त्याला एकट्याला लावून देऊ नये. त्याच्यासाठी टेली-मानस ही फुकट सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते.

सिनेमा टेलिग्रामच्या लिंकवरून उतरवून घेण्याची सवय गावोगाव आहे. तिथं फसायचा धोका मोठा आहे. त्याबद्दल पुढं येईल.

आकाश काळं झाल्यावर कामाला येतं ते

मे-जूनमध्ये अन् परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसं अन् जनावरं मरतात. दरवर्षी बातम्या येतात, बहुतेक वेळा झाडाखाली थांबलेल्यांच्या. ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलं आहे अन् ते फुकट आहे. देशभर बसवलेली यंत्रं वीज कुठं पडली हे टिपतात, अन् आपण उभे आहोत तिथून २० अन् ४० किलोमीटरच्या घेऱ्यात विजा चालू आहेत का, हे ॲप नकाशावर दाखवतं. त्यासाठी लोकेशन चालू असावं लागतं अन् रेंजही लागते.

इथंच ते कमी पडतं. किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा शिवाराच्या टोकाला रेंजच नसते. अशा ठिकाणी मोजणी करावी. वीज चमकली की आकडे मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. तीन सेकंदाला एक किलोमीटर असा अंदाज. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात जायचं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. घर लांब असेल तर एकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, मोटारीच्या स्टार्टरपासून दूर, सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं झोपायचं नाही. चार-पाच जण असतील तर एकमेकांना चिकटून थांबायचं नाही.

‘मेघदूत’ हे हवामान खात्याचं ॲप वेगळ्या कामाचं. त्यावर मंगळवारी अन् शुक्रवारी कृषी सल्ला मराठीत येतो. फवारणी करायची की थांबायचं, काढलेलं सोयाबीन झाकायचं का, एवढं ठरवायला ते बरं पडतं. पण अंदाज मोठ्या भागाचा असतो. जिल्ह्यात पाऊस म्हटलं अन् देगलूरला झाला, हदगाव कोरडं राहिलं, तर ॲप खोटं ठरत नाही, पण शेतकऱ्याचं बियाणं जातं. पेरणी ॲपवर सोडू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला जुना आहे अन् तोच खरा. त्यासाठी मोबाईल लागत नाही. रानात कुदळ मारून ओल किती खोल गेली, हे पाहिलं की भागतं.

‘ई-पीक पाहणी’बद्दल शेतकऱ्यांचं मत फारसं चांगलं नाही, अन् त्याला कारण आहे. ऑगस्टअखेर सगळे एकदम नोंद करायला लागतात, सर्व्हर बसतो, फोटो चढत नाही. तरी हे ॲप टाळता येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू झालं. त्यावर नोंद नसेल तर सातबाऱ्यावर पीक येत नाही. हमीभाव केंद्रावर सोयाबीन, तूर विकायला पीकपेरा लागतो, अन् अतिवृष्टीची मदत, विमा यांतही पुढं वांधे होतात. मुदत सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच, सकाळी लवकर, गटात उभं राहून नोंद करून टाकावी. घरात बसून फोटो चालत नाही. एकाच मोबाईलवरून शेजारच्या दोन-चार खातेदारांचीही नोंद होते, त्यामुळं साधा मोबाईल असलेल्या म्हाताऱ्या माणसांना मागं ठेवायचं कारण नाही. तूर सोयाबीनमध्ये असेल तर मिश्र पीक म्हणूनच टाकावं. नुसतं सोयाबीन टाकलं की जानेवारीत तुरीला पीकपेरा सापडत नाही, अन् मग तलाठ्याकडं खेटे.

पीक पिवळं पडलं की फोटो काढून रोग सांगणारं ‘प्लांटिक्स’ बऱ्याच तरुणांकडं असतं. जर्मनीत सुरू झालेली कंपनी आहे, ॲप मराठीत चालतं. किडीची ओळख पटवायला बरं. पण सोयाबीनच्या पिवळेपणाला दोन-तीन कारणं असतात. नवी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या राहिल्या तर बहुतेक लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हे होतं, वाफसा आला की बऱ्याचदा आपोआप सुधारतं. पानावर हिरवे-पिवळे गिचमिड डाग असतील तर पिवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो, अन् ते झाड उपटून पुरावं लागतं. फोटो अंधुक असेल तर ॲपला हा फरक कळेलच असं नाही. कळलं तरी ते लगेच औषधाचं नाव सांगतं. औषध आणायच्या आधी एक झाड मुळासकट उपटून कृषी सहायकाला दाखवावं, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारावं. तो फोन फुकट आहे. राज्याच्या कृषी विभागानं २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ नावाचं ॲप काढलं. त्यावर मराठीत प्रश्न विचारता येतो, पण तिथंही उत्तर मिळालं म्हणून थेट दुकान गाठू नये.

बाजारभावाचं एकच सांगायचं. पणन मंडळाच्या साईटवर अन् तिथून भाव उचलणाऱ्या ॲपवर तीन आकडे असतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. व्हॉट्सॲपवर फिरतो तो बहुतेक वेळा कमाल भाव. तो एखाद्या चांगल्या वाळलेल्या, बियाण्यासारख्या मालाच्या ढिगाला मिळालेला असतो. लातूरच्या मोंढ्यात तर पोटलीचा भाव वेगळा अन् सौद्यात निघणारा वेगळा, हे नेहमी जाणाऱ्यांना माहीत आहे. टेम्पो भरायच्या आधी सर्वसाधारण दर बघावा, त्यातून भाडं, हमाली, ओलाव्याची कपात वजा करावी, अन् मग ठरवावं लातूर, उदगीर की गावातलाच व्यापारी.

न मागता आलेली फाईल

गेल्या दोन-तीन वर्षांत व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, अगदी ‘लग्नपत्रिका’ अशा नावाच्या फाईल येतात. नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते. ही फाईल उघडून इन्स्टॉल केली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी समोरच्या माणसाकडं जातो, मालकाला पत्ता लागत नाही. फाईल पाठवणारा नंबर ओळखीचा असतो, कारण त्याचा मोबाईल आधीच ताब्यात गेलेला असतो. म्हणून ‘मामानंच पाठवली’ हा भरवसा धरता येत नाही. सिनेमाच्या लिंकमधूनही असंच होतं : आधी ‘प्लेअर’ उतरवा म्हणते, तो प्लेअर म्हणजेच ही फाईल.

चुकून टाकलंच तर आधी मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकावा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवावं अन् १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं. पहिले एक-दोन तास महत्त्वाचे, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्याचे पैसे परत मिळणं अवघड जातं.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची ओळख सोपी आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाच्या मोबाईलमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघायची नाही. त्यामुळं पाच हजारांसाठी जे ॲप सगळे कॉन्टॅक्ट मागतं ते नियम मोडूनच चाललेलं असतं. हप्ता चुकला की तेच नंबर वापरून सोयऱ्याधायऱ्यांत बदनामी करतात. बी-भरणाच्या दिवसांत अशी ॲप जास्त दिसतात. त्यापेक्षा सोसायटीच्या सचिवाच्या चार चकरा परवडल्या.

पुस्तकं : जवळची अन् पातळ

पुस्तक म्हटलं की जाड कादंबरी आठवते अन् माणूस मागं सरतो. ‘उसवण’ तशी नाही. तुळजापूरचे देवीदास सौदागर यांनी ती लिहिली. ते स्वतः शिलाईकाम करणारे. रेडीमेड कपडे आले अन् गावच्या शिंप्याचं मशीन हळूहळू थंडावलं, एवढीच गोष्ट. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. शिंपी, कुंभार, लोहार, ज्याच्या घरचा धंदा असा उसवला त्याला ती वाचताना अडखळायला होणार नाही. दोन-तीन दुपारींत संपते.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. टोमॅटोला भाव नाही म्हणून बाजारात शेतकरी ते पायाखाली तुडवतो. शाळेत ती मार्कांसाठी वाचली जाते. स्वतःचा माल एकदा मोंढ्यातून परत आणल्यावर वाचली की वेगळीच लागते. परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. गावातलं राजकारण, मजूर, जमीन, सगळं आजचं आहे त्यात. ‘आलोक’ सावकाश वाचायचं पुस्तक आहे, एका दमात होत नाही.

लातूरकरांनी, विशेषतः औसा-निलंगा भागातल्या तरुणांनी अतुल देऊळगावकर यांचं ‘डळमळले भूमंडळ’ शोधावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी उठून गेली. दगड-मातीच्या जाड भिंती अन् वरची जड माळवदं अंगावर आली म्हणून इतकी माणसं गेली, हे आजी-आजोबांना माहीत आहे. पंचविशीतल्या पोराला माहीत असेलच असं नाही, अन् तोच आता घर बांधायला काढतोय. कॉलममध्ये सळई किती, भिंतीला पट्टा घेतला का, हे गवंड्याला विचारायचं बळ अशा पुस्तकातून येतं.

अनंत भालेराव यांचं ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ जाड आहे, ते मान्य. पण १७ सप्टेंबरला शाळेत भाषण करणाऱ्या लेकरांना दरसाल तेच चार परिच्छेद पाठ करून पाठवण्यापेक्षा घरातल्या मोठ्यानं यातलं एक प्रकरण वाचावं. नरहर कुरुंदकर तर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचं ‘जागर’ काही ठिकाणी पटणार नाही, वाद घालावासा वाटेल. ते त्यासाठीच वाचायचं.

ही पुस्तकं मिळवायला तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय हा पहिला रस्ता. सरकारी अनुदान घेणाऱ्या वाचनालयात पुस्तकाची मागणी नोंदवता येते, हे फार कमी लोक वापरतात. नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्यांत लिहिणाऱ्याला रुपया मिळत नाही. मालाला भाव न मिळणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला कुणी सांगावं?

फुकट अन् रीतसर मिळणारंही भरपूर आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, जुनी पुस्तकं फाटलेल्या लेकरांचं भागतं. मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे. लहान लेकरांसाठी ‘स्टोरीविव्हर’वर चित्रांची मराठी पुस्तकं आहेत. एकदा उतरवून ठेवली की रेंज नसतानाही वाचता येतात.

अन् घरातल्या ज्या बायांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘पारी’ची साईट आहे. हेमा राईरकर अन् गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या तिथं आहेत, एक लाखाहून जास्त. बऱ्याच ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. मराठीत ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ असं बोलून शोधलं की सापडतं, टाइप करायचीही गरज नाही. रात्री पोरांचा डेटा संपायच्या आत आजीला लावून द्यावं. तिच्या ओळखीची ओवी निघाली तर पुढची ओळ ती स्वतःच म्हणेल. त्या वेळी दुसऱ्या मोबाईलवर ती रेकॉर्ड करून ठेवावी.